नाच बसवण्याआधी

मराठीत नाटक बसवतात आणि नाचही बसवतात. या क्रियापदात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. नाच आधीच कुठेतरी तयार आहे, बसवणाऱ्याच्या डोक्यात किंवा वहीत, आणि आता तो नाचणाऱ्यांच्या अंगावर नीट बसला की झालं. गुरूने तोडा सांगायचा, शिष्याने उचलायचा. नृत्यदिग्दर्शकाने आठ मात्रांचा तुकडा करून दाखवायचा, मागच्या रांगेने तो घटवायचा. जगातले बहुतेक नाच असेच तयार झाले आहेत आणि त्यांतले कित्येक फार सुंदर आहेत. या प्रकरणात मात्र अशा एका बाईंची गोष्ट आहे, ज्या तालमीला येताना नाच घेऊन आल्याच नाहीत. त्या प्रश्न घेऊन आल्या.

पीना बाउश त्यांचं नाव. गाव वुपरताल, पश्चिम जर्मनीतलं. कापडगिरण्यांवर वाढलेलं, वुपर नदीच्या खोऱ्यात लांबट पसरलेलं हे औद्योगिक शहर. 1901 पासून तिथे नदीच्या पात्रावर लोखंडी कमानींना खालून लटकलेली रेल्वे धावते. शहराच्या बार्मेन भागात, जिथे फ्रीडरिश एंगेल्सचा जन्म झाला, लिश्टबुर्ग नावाचं एक जुनं सिनेमागृह आहे. तिथे सिनेमे दाखवणं थांबलं आणि नाचाच्या तालमी सुरू झाल्या. नर्तक मोकळ्या जमिनीवर किंवा कडेच्या खुर्च्यांवर, आणि समोर एका टेबलाशी बाउश. टेबलावर कागदांचा ढीग, पेन्सिल, कॉफी, सिगारेट. त्या एखादा प्रश्न विचारतात आणि थांबतात. कुणालातरी काहीतरी सुचतं. तो उठतो, करून दाखवतो, परत जाऊन बसतो. बाउश लिहून घेतात. छान म्हणत नाहीत, वाईटही म्हणत नाहीत. मग दुसरा उठतो.

एका नव्या कलाकृतीसाठी असे शंभराच्या आसपास प्रश्न निघत आणि त्यांत काही महिने जात. या महिन्यांत नाटकाला नाव नसे, गोष्ट नसे, संगीत नसे, नेपथ्य ठरलेलं नसे. कित्येकदा पहिल्या प्रयोगाच्या दिवशीही नाव नसे, जाहिरातीत नुसतंच लिहिलेलं असे : पीना बाउश यांचं नवं नाटक.

ही पद्धत आज जगभर चालते. आपल्याकडच्या कुठल्याही अभिनय शिबिरात बसलं की तिचे तुकडे कानावर येतात : ‘तुझ्या आजीची एखादी लकब करून दाखव’, ‘घर सोडल्याचा दिवस आठव’. त्यामुळे ती सोपी, जरा खेळासारखीच वाटते. ती कुठून आली हे पाहिलं की तिचं वजन कळतं. ती सुचली तेव्हा बाउश यांच्यापुढचे बाकीचे रस्ते बंद झालेले होते.

बाउश यांचा जन्म 27 जुलै 1940 चा, झोलिंगेनचा. आईवडिलांची खाणावळ होती, आणि लहानगी पीना तिथल्या टेबलांखाली बसून मोठ्यांची बोलणी, भांडणं, लगट ऐकायची. ही आठवण त्या पुढे आयुष्यभर सांगत राहिल्या. चौदाव्या-पंधराव्या वर्षी त्या एसेनच्या फोल्कवांग विद्यालयात कुर्ट योस यांच्याकडे शिकायला गेल्या. योस म्हणजे 1932 च्या ‘हिरवं टेबल’ या युद्धविरोधी नृत्यनाट्याचे कर्ते. ज्यू सहकाऱ्यांना काढून टाकायला नकार दिल्यामुळे 1933 मध्ये त्यांना जर्मनी सोडावी लागली होती. युद्धानंतर ते परत आले आणि शिकवू लागले. फोल्कवांगला संगीत, नाटक, छायाचित्रण, शिल्प, सगळं एकाच छपराखाली होतं, आणि नाचणाऱ्या मुलीने या सगळ्यांकडे बघावं अशी अपेक्षा होती. पुढे शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कचं ज्युलियार्ड, तिथे अँटनी ट्यूडर यांच्यासारखे शिक्षक, आणि 1962 मध्ये परत एसेन. 1973 मध्ये वुपरतालच्या नाट्यगृहाचे प्रमुख आर्नो व्युस्टनह्योफर यांनी आपल्या बॅले विभागाची सूत्रं या तेहतीस वर्षांच्या बाईंच्या हाती दिली. थोड्याच काळात विभागाचं नाव झालं ‘टान्त्सथिएटर वुपरताल’.

टान्त्सथिएटर म्हणजे शब्दशः नृत्यनाट्यच. पण आपल्याकडे नृत्यनाट्य म्हटलं की एखादी कथा डोळ्यांपुढे येते. पडद्यामागून निवेदन चालू आहे, राम वनवासाला निघाला आहे, गायकवृंद गातो आहे. वुपरतालचं प्रकरण तसं नव्हतं. निदान पुढे तसं राहिलं नाही.

सुरुवातीला बाउश स्वतःच नाच बसवत. 1975 च्या डिसेंबरात आलेलं ‘वसंताचा बळी’ हे स्ट्राव्हिन्स्कीच्या संगीतावरचं नाटक पायरीन् पायरी, मात्रेन् मात्रा ठरवून बसवलेलं आहे. रंगमंचभर कुजट तपकिरी माती पसरलेली. नर्तक तिच्यात पाय रुतवून नाचतात, घामाला माती चिकटते, पातळ झग्यांवर डाग पडत जातात, आणि शेवटी जिला मरेपर्यंत नाचायचं असतं तिचं धापा टाकणं अभिनयाचं राहत नाही. नेपथ्य रोल्फ बोर्झिक यांचं होतं, ते बाउश यांचे जोडीदारही होते. मला हे नाटक त्यांच्या सगळ्या कामात सर्वात जबरदस्त वाटतं, आणि म्हणूनच एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते : ज्या बाईंना इतकं बांधेसूद बसवता येत होतं, त्यांनी बसवणं सोडून दिलं.

सोडायला लागलं असंही म्हणता येईल. 1976 मध्ये ब्रेख्त आणि वाइल यांच्या ‘सात महापापे’वर त्यांनी काम केलं. प्रयोग झाले, पण त्या तालमींत नर्तकांशी त्यांचे संबंध इतके ताणले गेले की संच जवळजवळ तुटला. अनेकांना हे काम नाच वाटतच नव्हतं. ज्या अंगांनी वर्षानुवर्षं बॅलेची कवायत केली त्यांना आता ओरडायला, रांगायला, कुरूप दिसायला सांगितलं जात होतं. बाउश खचल्या. मोठ्या नाट्यगृहात परत जायचं नाही असं ठरवून त्यांनी यान मिनारिक या आपल्या नर्तकाच्या छोट्याशा स्टुडिओत, दोन-तीन जणांना घेऊन काम सुरू केलं. कुणावर सक्ती नव्हती. हळूहळू एकेक जण दारात येऊन उभा राहू लागला. त्यातून 1977 चं ‘निळी दाढी’ हे नाटक झालं. त्यात बार्टोकच्या ऑपेराची टेप एक पुरुष लावतो, थांबवतो, मागे नेतो, पुन्हा लावतो. संगीतावर नाचायचं ही शिस्त तिथे मोडली.

पुढच्या वर्षी बोखुम. तिथल्या नाट्यगृहाचे प्रमुख पेटर त्साडेक यांनी बाउश यांना ‘मॅकबेथ’वर काहीतरी करायला बोलावलं. निमित्त होतं जर्मन शेक्सपिअर सोसायटीच्या वार्षिक मेळाव्याचं. संचात काही वुपरतालचे नर्तक, काही बोखुमचे नट आणि एक ऑपेरा-गायिका. आणि इथे अडलं. नर्तकाला ‘हे असं’ म्हणून हात-पाय करून दाखवता येतात, तो ते उचलतो. नटाला तसं दाखवून उपयोग नाही. त्याचं अंग त्या भाषेत वाढलेलंच नसतं. गायिकेचं तर त्याहून वेगळं. या सगळ्यांना एकत्र कामाला लावील अशी कुठलीच हालचाल बाउश यांच्यापाशी नव्हती. मग त्यांनी जे प्रश्न स्वतःला पडले होते तेच या लोकांना विचारायला सुरुवात केली. प्रश्नाचं उत्तर नट देऊ शकतो, गायिका देऊ शकते, नर्तकही देऊ शकतो. कुणी बोलून देईल, कुणी करून दाखवील, कुणी गाऊन.

तालमीतली अडचण पद्धत होऊन बसली. मला या प्रसंगात एक फार मोलाचं दिसतं. प्रश्न विचारणं हे बाउश यांनी कुठल्या सिद्धान्तातून काढलं नव्हतं. समोरच्या माणसांना जे येत नव्हतं ते त्यांच्यावर न लादता पुढे कसं जायचं, एवढाच तो पेच होता.

त्या नाटकाचं नाव म्हणजे ‘मॅकबेथ’मधली एक रंगसूचनाच : तो तिचा हात धरून तिला किल्ल्यात नेतो, बाकीचे मागोमाग जातात. 22 एप्रिल 1978 ला प्रयोग झाला. शेक्सपिअरचे जाणकार मॅकबेथ बघायला आले होते आणि समोर माणसं अस्वस्थपणे लोळत होती, हात धूत होती, तीच तीच कृती पुन्हा करत होती. पहिल्या अर्ध्या तासातच प्रेक्षागृहात इतका गदारोळ झाला की पुढचं होणं कठीण दिसू लागलं. तेव्हा जो ॲन एंडिकॉट ही नर्तिका उठून रंगमंचाच्या पुढच्या कडेला आली आणि तिने प्रेक्षकांशी सरळ बोलून त्यांना गप्प केलं. मग नाटक पूर्ण झालं. घरच्या वुपरतालमध्येही त्या वर्षांत लोक दारं आपटत बाहेर जात.

त्याच वर्षी अवघ्या महिन्याभरात ‘काफे म्यूलर’ आलं आणि डिसेंबरात ‘कोंटाक्टहोफ’. 1978 हे एकच वर्ष या कलेच्या इतिहासात वेगळं काढून ठेवावं असं आहे.

आता प्रश्नांकडे. प्रश्न कसले असत? ज्यांनी तालमी पाहिल्या, विशेषतः राइमुंड होगे, जे 1980 च्या सुमारापासून दहाएक वर्षं बाउश यांचे नाट्यसल्लागार होते आणि ज्यांनी ‘बांदोनेऑन’ या नाटकाच्या तालमींची रोजनिशी छापली, त्यांच्यामुळे आपल्याला त्यांची जात कळते. घाबरल्यावर तुम्ही काय करता. कुणाला तरी फसवायचं असेल तर सापळा कसा लावाल. नाताळच्या जेवणाला घरी काय असायचं. कुणाचं मन राखण्यासाठी केलेली एखादी गोष्ट. आनंदाशी नातं असलेली एखादी हालचाल. स्वतःचं नाव अंगाने लिहा. बऱ्याचदा तर प्रश्नही नसे, नुसता एक शब्द पुढे टाकलेला असे.

यात एक खुबी आहे. ‘दुःख दाखवा’ असं सांगितलं की नट दुःखाचा मुखवटा चढवतो, तो आपण सगळ्यांनी हजारदा पाहिलेला असतो. ‘रडू येत असताना ते कुणाला कळू नये म्हणून काय करता’ असं विचारलं की तो नाक शिंकरतो, खिडकीबाहेर बघतो, चप्पल शोधायला लागतो. प्रश्न भावनेच्या बाजूने येतो, थेट समोरून येत नाही. माणसं कशी हलतात यापेक्षा त्यांना आतून काय हलवतं यात मला रस आहे, अशा अर्थाचं बाउश यांचं बोलणं पुष्कळ ठिकाणी उद्धृत होतं. पण तालमीत त्या आतल्या गोष्टीकडे कधीही थेट बोट दाखवत नसत, हे कमी सांगितलं जातं.

आणि उत्तर देणाऱ्यालाही आपण काय दिलं ते कळत नसे. बाउश गप्प. आठवड्यांनी त्या म्हणत, ते परवाचं तू खुर्चीबरोबर केलं होतंस ते परत कर. म्हणून नर्तकांना स्वतःच्या नोंदी ठेवाव्या लागत, नाहीतर ‘परवाचं’ म्हणजे कुठलं हेच आठवायचं नाही. पुढे तालमींचं चित्रीकरणही होऊ लागलं. एका नर्तिकेने सांगितलं आहे की इतक्या वर्षांच्या सहवासात तिला मिळालेली सूचना जवळपास एकच, की अजून थोडं वेड लागू दे. अशा शांततेत काम करणं सोपं नसतं. कौतुकावाचून रोज उघडं व्हायचं, आणि दिलेल्यातलं बहुतेक टाकून दिलं जाणार हे माहीत असताना. कारण टाकलं जाणारच. महिन्यांच्या उत्तरांतून जे नाटकात उरे ते मूठभर असे.

लोक ‘प्रश्नांची पद्धत’ म्हणतात तेव्हा त्यांना पहिला अर्धा भाग दिसतो. प्रश्न कुणीही विचारू शकतं. मला खात्रीने वाटतं की बाउश यांचं खरं कसब दुसऱ्या अर्ध्यात होतं, निवडण्यात आणि जोडण्यात. शेंगा सोलणाऱ्या बाईचा हात जसा न बघता किडका दाणा बाजूला काढतो तशी ती निवड होती. आणि जोडकाम तर त्याहून अवघड. हे त्याच्याआधी की नंतर? हे समोर चालू असताना ते मागे कोपऱ्यात चालू दिलं तर? हेच दहा जणांनी केलं तर? हेच आठ वेळा केलं तर?

‘कोंटाक्टहोफ’मध्ये हे उघड दिसतं. जुन्या धाटणीचं एक नाचाचं सभागृह, भिंतीला टेकून खुर्च्या, पार्श्वभूमीला तीसच्या दशकातली नाचगाणी. माणसं एकेक करून पुढे येतात आणि स्वतःला दाखवतात. पाठ, बाजू, दात, हातांचे पंजे, केसांवरून फिरवलेला तळवा. बैलबाजारात दावणीला बांधलेलं जनावर असंच दाखवतात. या नाटकाच्या मुळाशी माया हा विषय होता. माया म्हणजे नेमकं काय करतात? हात कुठे ठेवतात? ती कुठपर्यंत जाते? उत्तरं आली ती अगदी साधी. गालावर टिचकी, नाकाचा शेंडा चिमटीत धरणं, केसांची बट कानामागे सारणं, पोटावरून हात फिरवणं. एकेकटी पाहिली तर प्रत्येक हालचाल हळुवार आहे, घरात आजी नातवाला करते तशी.

नाटकाच्या शेवटाकडे एक बाई मधोमध उभी राहते. एक पुरुष येतो आणि तिला असंच काहीतरी हळुवार करतो. मग दुसरा, मग तिसरा. कुणी नाकाला, कुणी केसांना, कुणी हाताला. थोड्या वेळात तिच्याभोवती पुरुषांचा गराडा पडतो. प्रत्येक जण आपली तीच एक मायेची हालचाल पुन्हा पुन्हा करतो आहे. कुणी तिला मारत नाही, ओढत नाही, कुणाच्या चेहऱ्यावर राग नाही. बाई नुसती उभी आहे, मान खाली जात चालली आहे. बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. गर्दीच्या लोकलमध्ये प्रवास केलेल्या कुठल्याही बाईला हे दृश्य कुणी समजावून सांगावं लागणार नाही.

यातला एकही नर्तक तालमीत ‘अत्याचार’ या विषयावर काही करायला गेला नव्हता. त्यांनी माया दाखवली होती. अत्याचार जोडण्यातून तयार झाला. हे ज्याला कळलं त्याला मला वाटतं वुपरतालची अर्धी किल्ली मिळाली.

‘काफे म्यूलर’ची जुळणी निराळी होती. चार नृत्यदिग्दर्शकांनी एकाच संध्याकाळी चार तुकडे करायचे आणि सगळ्यांनी त्याच अटी पाळायच्या असं ठरलं होतं : एक काफे, अंधार, चार माणसं, कुणीतरी वाट बघतं, कुणीतरी पडतं आणि त्याला उचललं जातं, एक लाल केसांची मुलगी येते, सगळं स्तब्ध होतं. बाउश यांचा तुकडा तेवढा टिकला. बोर्झिक यांनी रंगमंच खुर्च्या-टेबलांनी भरून टाकला. मग नाचणार कुठे? डोळे मिटून चालणाऱ्या बायका खुर्च्यांवर आदळणार. म्हणून बोर्झिक स्वतःच रंगमंचावर आले आणि त्यांच्या वाटेतल्या खुर्च्या धावत धावत बाजूला फेकू लागले. नेपथ्यकाराची अडचण त्याचीच भूमिका झाली. पर्सेलचं संगीत, मंद उजेड, आणि मध्येच खुर्च्यांचा खडखडाट.

तिथला एक प्रवेश सावकाश बघण्यासारखा आहे. मालू एरोदो आणि डोमिनिक मेर्सी एकमेकांना घट्ट मिठी मारून उभे आहेत. यान मिनारिक येतो, कोट घातलेला, कचेरीतल्या माणसासारखा. तो त्यांची मिठी सोडवतो. हात एकेक करून उचलतो, दोघांचे ओठ ओठांवर टेकवतो, तिचा हात त्याच्या मानेभोवती घालतो, त्याचे हात कोपरात वाकवून पुढे करतो, तिला उचलून त्या हातांवर ठेवतो आणि निघून जातो. काम चोख झालं. पण त्या हातांत तिला धरून ठेवण्याचं बळच नाही. ती घसरते, जमिनीवर पडते, ताडकन उठते आणि पुन्हा पहिली मिठी मारते. मिनारिक परत येतो. पुन्हा हात, पुन्हा ओठ, पुन्हा उचलणं. पुन्हा पडणं. दर वेळी थोडं अधिक वेगाने. शेवटी मिनारिक येतच नाही. दोघं स्वतःच ते सगळं करतात, मिठी, सुटणं, उचलणं, पडणं, मिठी, घाईघाईने, धापा टाकत.

यात एकही ‘नृत्याची’ हालचाल नाही. गिरकी नाही, उडी नाही. पण आवर्तनाचं भान अस्सल नर्तकीचं आहे. एकच बोल ठायीत, मग दुगुणीत, मग चौगुणीत घेतला की त्याचा अर्थ बदलतो हे आपल्या कथकच्या आणि तबल्याच्या श्रोत्यांना वेगळं सांगायला नको. बाउश यांनी लय वाढवली ती पायांची नाही, एका संसाराची.

बोर्झिक 1980 च्या जानेवारीत वारले, अगदी तरुणपणी. नेपथ्य पेटर पाब्स्ट यांच्याकडे आलं. पाब्स्ट यांचं काम कसं चालत असेल याची कल्पना करून पाहावी. नाटक काय आहे हे कुणालाच माहीत नाही, आणि कार्यशाळेला तर काय बांधायचं ते सांगायचं आहे. वेशभूषा करणाऱ्या मारियॉन चिटो यांचीही तीच तऱ्हा. ‘नेल्केन’साठी (1982) रंगमंचभर कार्नेशनची हजारो फुलं उभी केली. ‘पालेर्मो पालेर्मो’च्या (1989) सुरुवातीलाच रंगमंचाएवढी विटांची भिंत मागे कोसळते आणि पुढचे काही तास नर्तक त्या ढिगाऱ्यात टाचांचे बूट घालून वावरतात. हे नेपथ्य शोभेसाठी नव्हतं. तो नर्तकांना विचारलेला आणखी एक प्रश्न होता : यात कसे नाचाल?

‘नेल्केन’मध्ये एक मिरवणूक आहे. सगळे एका ओळीत, फुलांमधून नागमोडी चालत, हसऱ्या चेहऱ्याने, हातांनी चार ऋतूंच्या खुणा करत जातात. बोटांनी बुटकं गवत, म्हणजे वसंत. उंच गवत आणि डोक्यावरचा सूर्य, म्हणजे उन्हाळा. वरून खाली गळत येणारी पानं. आणि मुठी आवळून कुडकुडणं. शाळेतल्या मुलालाही येईल इतकं सोपं, आणि आज जगभर लोक गल्लीत, मैदानात, समुद्रकिनाऱ्यावर ती ओळ करतात. त्याच नाटकात लुट्झ फ्योर्स्टर हा उंचापुरा नर्तक एका जुन्या अमेरिकी प्रेमगीतावर, गाणं चालू असताना, कर्णबधिरांच्या खुणांच्या भाषेत त्याचे शब्द सांगतो. आणि शेवटी नर्तक एकेक करून पुढे येऊन आपण नर्तक का झालो ते सांगतात. प्रत्येकाचं कारण वेगळं.

इथे एक प्रश्न मला टाळता येत नाही. आठवण नर्तकाची, अंग नर्तकाचं, कधी शब्दही नर्तकाचे, मग नाटक कुणाचं? फलकावर नाव बाउश यांचं. या संचातून पुढे गेलेल्या काहींनी ही सल बोलून दाखवली आहे, आणि ती खोटी नाही. रोजच्या तालमीत स्वतःला खरवडून दिलेलं काहीतरी दुसऱ्याच्या नावावर जगभर फिरतं तेव्हा माणसाला काहीतरी वाटणारच. माझं उत्तर अर्धंच आहे. जोडणाराही कर्ता असतो, ‘कोंटाक्टहोफ’ने ते सिद्ध केलं. पण ज्याचं आयुष्य विणलं गेलं त्याचं नाव नुसतं भूमिकांच्या यादीत राहू नये. आज आपल्याकडे ‘संचाने मिळून रचलेलं’ असं श्रेय देणारी नाटकं होतात, ती मला जास्त न्यायाची वाटतात.

या प्रश्नाची एक वेगळीच बाजू 2000 मध्ये पुढे आली. बाउश यांनी ‘कोंटाक्टहोफ’ पुन्हा उभं केलं, पण वुपरतालच्या पासष्टीच्या पुढच्या सामान्य नागरिकांना घेऊन. निवृत्त माणसं, कुणीही नर्तक नाही. 2008 मध्ये तेच नाटक चौदा वर्षांपुढच्या शाळकरी मुलामुलींनी केलं. मूळ उत्तरं ज्यांनी दिली त्यांच्या हालचाली आता दुसऱ्याच अंगांवर होत्या. नाकाची चिमटी एका ठिकाणी सुरकुतलेल्या बोटांची, दुसऱ्या ठिकाणी ज्याने आयुष्यात अजून कुणाचा हातही धरला नाही अशा पोराची. आणि हालचाल तीच. 2024 मध्ये नर्तिका मेरिल टँकार्ड यांनी 1978 च्या मूळ संचातल्या काही जणांना एकत्र आणून ते पुन्हा केलं. सत्तरीच्या घरातले नर्तक आणि मागे पडद्यावर त्यांचीच तरुण चित्रं.

भारताशी या संचाचा संबंध जुना आहे. 1979 मध्येच ‘वसंताचा बळी’ इथे आलं होतं. 1984 च्या जानेवारीत मुंबईच्या एनसीपीएमध्ये पूर्व-पश्चिम नृत्यभेट भरली. तिला बाउश नव्हत्या, पण फोल्कवांगच्याच परंपरेतल्या सुझाने लिंके होत्या, आणि चंद्रलेखा होत्या. चंद्रलेखांचा जन्म महाराष्ट्रातल्या वाडा गावचा, सगळी कारकीर्द चेन्नईची. भरतनाट्यमचा साज उतरवून त्यांनी त्याचा कणा शोधायला घेतला तो याच वर्षांत. बाउश आणि त्या पुढे घट्ट मैत्रिणी झाल्या. वाट अगदी उलटी होती, एकीने नर्तकांची चरित्रं उघडली, दुसरीने चरित्र बाजूला ठेवून नुसतं शरीर मांडलं. तरी दोघींनाही शोभेचा कंटाळा होता.

1986 पासून बाउश आपला संच घेऊन एखाद्या शहरात काही आठवडे राहत, तिथे भटकत आणि मग तिथल्या अनुभवांवर प्रश्न काढत. रोम, पालेर्मो, हाँगकाँग, लिस्बन, इस्तंबूल. 2006 मध्ये कोलकाता आणि केरळ झालं आणि 2007 च्या मे महिन्यात ‘बांबू ब्लूज’ आलं. त्यात कुचिपुडीच्या शांताला शिवलिंगप्पा होत्या, वाऱ्यावर फुगणारे पांढरे पडदे होते. नाटक देखणं आहे, पण मला ते त्यांच्या मोठ्या कामांत धरवत नाही. आपण जिथे राहतो तिथल्या गोष्टी इतक्या मऊ उजेडात पाहिल्या की ओळख पटत नाही. काही आठवड्यांच्या मुक्कामात उत्तरं मिळतात, पण जोडायला लागतं ते पोटातलं ओझं मिळत नाही. खाणावळीतल्या टेबलाखाली ते मिळालं होतं.

30 जून 2009 ला बाउश गेल्या. कर्करोगाचं निदान होऊन पाच दिवस झाले होते आणि चिलीवरच्या त्यांच्या नव्या नाटकाचा पहिला प्रयोग त्याच महिन्यात झाला होता. चित्रपट-दिग्दर्शक विम वेंडर्स त्यांच्यासोबत एक चित्रपट करणार होते. काही काळ त्यांनी तो सोडून दिला. मग नर्तकांच्या सांगण्यावरून परत घेतला आणि त्यात बाउश यांचीच रीत वापरली : नर्तकांना पीनाबद्दल प्रश्न विचारले आणि उत्तरं नाचून घेतली. ‘पीना’ हा चित्रपट 2011 मध्ये आला.

त्यात ‘काफे म्यूलर’बद्दल बाउश यांचीच एक आठवण आहे. या नाटकात त्या स्वतः नाचायच्या, भिंतीलगत, डोळे मिटून, पांढऱ्या झग्यात. पुढे त्यांनी ते पुन्हा करायला घेतलं तेव्हा आतलं ते जे काही होतं ते सापडत नव्हतं. मग एकदा लक्षात आलं. मिटलेल्या पापण्यांच्या आड डोळे समोर बघत होते की खाली, यानेच सगळा फरक पडत होता. त्यांनी मिटल्या डोळ्यांनीच नजर बदलली आणि नाच परत आला.